गोजराबाईंचा डबा रिकामा परतत नाही

मित्रांनो, मी एक जुना स्टीलचा डबा आहे. माझं झाकण आता जरा वाकडं बसतं, पण बुडाशी पाहाल तर 'चि. सौ. कां. गोजरा हिस मामाकडून' ही अक्षरं अजून नीट वाचता येतात. साताऱ्याच्या भांड्यांच्या दुकानात ती कोरली, तेव्हा त्या मशीनच्या टुरटुरीनं माझं अंग नुसतं शहारलं होतं. पण नाव पडलं आणि मी कुणाचा तरी झालो.

लग्नानंतर गोजराबाईंबरोबर मी सानपाड्याला आलो. त्यांचे यजमान विलासराव एपीएमसी मार्केटात माथाडी. कितीतरी वर्षं मी त्यांच्यासोबत भाकरी-कालवण घेऊन गेलो. चार माणसं गोण्यांना टेकून जेवायची आणि म्हणायची, "वयनीच्या हाताला चव हाय!" त्यातला थोडा मान मी स्वतःकडेही घ्यायचो. का घेऊ नये?

मग घरात गरम राहणारे नवे डबे आले आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. धूळ खात पडणं म्हणजे काय, ते मला विचारा!

खाली उतरलो तो हलिमाबींमुळे. म्हसळ्याकडच्या हलिमाबी मुकादम समोरच्या घरात राहायला आल्या. नवरा वारलेला, लेक लग्न होऊन खांदेश्वरला. पहिल्याच रमजानमध्ये त्यांनी इफ्तारची भजी ताटलीतून आमच्याकडे पाठवली. "दुसऱ्याचं भांडं रिकामं धाडू न्हाई," म्हणत गोजराबाईंनी त्या ताटलीत विलासरावांनी आणलेला खजूर घातला. दुसऱ्या दिवशी मला काढलं, घासलं, लख्ख केलं. तेव्हापासून मी या दारातून त्या दारात. जाताना माझ्यात खजूर, येताना खीर. एकदाही रिकामा परतलो नाही, हे मी अभिमानानं सांगतो.

यंदा पहिल्या रोज्यांना हलिमाबी लेकीकडे होत्या. परतल्या त्या दिवशी नेमकी एकादशी. गोजराबाईंना आनंदात दुसरं काही सुचलंच नाही. "तिचाबी उपास, माझाबी उपास," म्हणत त्यांनी गरम साबुदाण्याची खिचडी माझ्यात भरली आणि सकाळीच त्यांच्या दारात नेऊन दिली. हलिमाबींनी मान खाली घालून मला घेतलं आणि दार लावलं.

मी मात्र परतलो नाही. भर दुपारी हलिमाबींनी माझं झाकण उघडलं, रडत रडत खिचडी खाल्ली आणि वर गोळी घेतली. मग मला घासूनपुसून ओट्यावर ठेवलं. रोज संध्याकाळी त्या मला उचलायच्या, दारापर्यंत जायच्या आणि माझ्या रिकाम्या पोटात बघून परत फिरायच्या. इफ्तारसाठी चूल पेटतच नव्हती. मला तोंड असतं, तर मी समोरच्या दारी जाऊन ओरडलो असतो.

शेवटी गोजराबाईंनीच बेल वाजवली.

"हलिमा, चुकलं माझं. रोज्याच्या दिवशी दिवसाउजेडी घास धाडला. पर एवढं रुसायचं?"

"रुसले नाय हो, ताई!" हलिमाबींचा बांध फुटला. "डॉक्टरनी रोजा बंद केला. शुगर खाली जाते, चक्कर येते. तुमची खिचडी मी दुपारीच खाल्ली. जिला रोजा नाय, तिनं इफ्तार कुठल्या तोंडानं वाटायचा? आनि डबा रिकामा कसा देऊ?"

गोजराबाईंनी हलिमाबींचा हात धरला. मग डोळे पुसत म्हणाल्या, "अगं बया, एवढं एकटीनं गिळत बसलीस व्हय? आता असं कर. उद्याचा रोजा मी धरते. सोडायला तुझ्याच दारात येते. बघू चूल कशी बंद ठेवतीस! डबा ऱ्हाऊ दे हितंच."

पुढचं विलासरावांनीच नंतर हसत हसत सांगितलं. दुपारी गोजराबाईंनी सवयीनं चहा टाकला, कप ओठांपर्यंत नेला, आणि विलासरावांनी तो काढून घेतला. "पाणीबी चालत न्हाई, चहा कुठला!" मग काय, बाई संध्याकाळपर्यंत घड्याळाकडे डोळे लावून बसल्या.

इकडे मात्र हलिमाबींच्या कढईत भजी तळली जात होती. नारळाच्या दुधातली खीर शिजत होती. तो वास आला आणि माझ्या जिवात जीव आला, मित्रांनो!

अजान झाली. हलिमाबींनी गोजराबाईंच्या हातावर खजूर ठेवला आणि त्या पाणी पिईपर्यंत त्यांच्याकडे बघत राहिल्या. "आई सांगायची, दुसऱ्याचा रोजा सोडवला तरी तेवढाच सवाब मिळतो."

"मग झालं तर! उपास माझा, पुण्य दोघींचं," गोजराबाई म्हणाल्या आणि त्यांनी दुसरं भजं उचललं.

त्या संध्याकाळी मी इतका भरून परतलो, की माझं वाकडं झाकण बसेचना.

मित्रांनो, भांडं रिकामं परत करू नये, ही रीत चांगलीच आहे. ती जरूर पाळा. पण भरायला काही नाही म्हणून कुणी दार लावून बसलं असेल, तर आपणच जाऊन बेल वाजवा. डबा काय, आज ना उद्या भरतोच.