धाकट्याचे पोलाद

या, असे पुढे सरकून बसा. लांब बसलात तर ही गोष्ट हातची जाईल, कारण हिच्यात आरडाओरडा नाही की मारामारी नाही. चाकू आहेत, पण रक्ताचा थेंब नाही. दोन भावांची आणि दोन पोलादांची गोष्ट आहे. ऐकून बरे वाटेल असे वचन मात्र देववत नाही.

थोरला आणि धाकटा, दोघांचा मिळून एक कारखाना. कारखाना म्हणायचे आपले. पत्र्याखालची एक लांबट खोली, एका टोकाला भट्टी, दुसऱ्या टोकाला खिडकीपाशी लाकडी बाक. तिथे खिशातले मिटते चाकू बनत. पाती कापून घासायचे काम धाकट्याचे, मुठी बसवून चाकू उघडता-मिटता करायचे कामही त्याचेच. भट्टी मात्र थोरल्याची. पाते तापवून त्याला पाणी पाजायचे, म्हणजे लाल झालेले पोलाद तेलात बुडवून कडक करायचे, हे काम तो एकटा करी. पाते डाळिंबाच्या दाण्यासारखे लाल झाले की बाहेर. त्याच्या आधी नाही, नंतर नाही. त्या रंगावर थोरल्याची नजर अशी बसली होती की गिऱ्हाइके त्याला ‘पाणीवाला’ म्हणत, आणि तो ते दागिन्यासारखे मिरवी. त्या खोलीत एक रीत होती : ज्याचे काम त्याचे. धाकटा कधी भट्टीत डोकावला नाही, थोरल्याने कधी मुठीला हात लावला नाही.

एके दिवशी धाकट्याने नव्या पोलादाच्या चार पट्ट्या आणल्या. न गंजणारे पोलाद.

“दादा, आपलं साधं पोलाद चांगलंच आहे,” तो म्हणाला. “धार पटकन लागते, दगडावर चार हात फिरवले की झालं. पण माणूस चाकू पुसत नाही रे. लिंबू चिरतो, पँटीला घासतो, मिटून खिशात टाकतो. वरून घाम. आठवड्यात पातं काळं, महिन्यात गंज. हे नवं धार लावायला कष्ट घेतं, पण लागलेली धार सोडत नाही. आणि गंज तर नाहीच.”

“ज्याला चाकू पुसता येत नाही त्यानं लिंबू दातानं फोडावं,” थोरला म्हणाला.

“मग गिऱ्हाईक दाताच्या डॉक्टरकडे जाईल, आपल्याकडे कशाला येईल?”

दोघेही हसले. तोवर सगळे ठीक होते.

पट्ट्यांबरोबर एक छापील कागद आला होता. धाकट्याने तो घडीसुद्धा न उलगडता थोरल्याच्या हाती दिला. “यात आचेचं काहीतरी लिहिलंय. तूच बघ, भट्टी तुझी.”

थोरल्याने कागद वाचला. त्यात साफ लिहिले होते की हे पोलाद डाळिंबी रंगावर काढले तर मऊच राहते. ते खूप पुढे न्यावे लागते, नारिंगीच्या पलीकडे, पिवळ्याकडे, आणि तिथे काही मिनिटे धरून ठेवावे लागते. डोळ्यांच्या अंदाजावर जाऊ नका, आच मोजणारी विजेची भट्टी वापरा, असाही सल्ला होता. डोळ्यांच्या अंदाजावर जाऊ नका! पाणीवाल्याला! हे पोलाद चालले तर उद्या एक बटण आपले काम करील, हे त्याला त्या एका ओळीत कळले.

त्याने कागद भट्टीत टाकला. मग धाकट्याने घासून दिलेले नवे पाते तापवले आणि डाळिंबी रंगावर बाहेर काढले. पुढे तो स्वतःला सांगत राही की हाताला सवय होती, हात आपोआप आला. पण बाबांनो, हात आपोआप येत नसतो. हाताला मन आधी सांगते, आणि मग मनच कानावर हात ठेवते.

चार दिवसांनी पारख झाली. नवा माल विकण्याआधी जुन्या गिऱ्हाइकांना बोलावून त्यांच्यासमोर चाकू चालवून दाखवायचे, ही त्या घराची पद्धत. चांभार आला, माळी आला, गोदामात खोकी बांधणारा बांधणीवाला आला. दोन चाकू, एकाच दगडावर सारखी धार लावलेले. बाकावर जाड दोर ताणला आणि धाकटा कापू लागला. जुन्या पोलादाने दोर सुकी काडी मोडावी तसा कापला आणि शेवटी कागदही अलगद चिरला. नव्या पोलादाची धार पंधराव्या-विसाव्या कापालाच वळली. कापण्याऐवजी दोर चेपू लागली.

चांभाराने पाते अंगठ्यावर घासून पाहिले आणि बाकीच्यांकडे वळला. “हा चाकू नव्हे रे, चमचा आहे. मला दे, आमटीला होईल.”

सगळे हसले. धाकटाही हसला. कान लाल झाले होते, तरी हसला. “चुकलंच माझं,” म्हणाला. थोरला भट्टीपाशी उभा होता. ‘चूक तुझी नाही’ एवढे तीन शब्द. ते त्याच्या दातांआड राहिले, आणि एकतीस वर्षे तिथेच राहिले.

पुढच्या काही महिन्यांत धाकटा कारखान्यातून निघाला. भांडण नाही, तंटा नाही. “दादा, माझं काही खरं नाही या धंद्यात,” एवढेच म्हणाला आणि त्याच बांधणीवाल्याच्या गोदामात खोक्यांच्या पट्ट्या कापायला लागला. पाती-मुठींना थोरल्याने पगारी माणूस ठेवला. येणेजाणे राहिले, गोडीही राहिली. पोलादाचे नाव मात्र दोघांपैकी कुणी काढले नाही.

आता ऐका. एकतीस वर्षांनंतर एका सोमवारी सकाळी भावजयीचा फोन आला. धाकट्याची फुप्फुसे थकली होती. “भाऊजी, डॉक्टर म्हणतात, आठवडा निघेल की नाही सांगता येत नाही. सकाळी शुद्धीवर असतो, बोलतो. तुमची आठवण काढतोय. या.”

थोरल्याला कळले की आता बोललेच पाहिजे. धाकट्याला ऐकू येते आहे तोवर. देवाने दार उघडून धरले होते. रुग्णालय बसने दोन तासांवर, आणि सांगायचे म्हणजे तोंडाने सांगायचे, त्याला काय लागते? पण माणूस कारागीर होता. जन्मभर जे काही सांगितले ते हाताने. चुकलो हे तोंडाने म्हणायची सवयच नव्हती. त्याला वाटले, रिकाम्या हाताने कसा जाऊ? बाकाच्या मागे त्या चारांतली एक पट्टी उरलेली होती. तिचा चाकू करावा, या वेळी खरे पाणी द्यावे, आणि तो धाकट्याच्या हातात ठेवून म्हणावे : बघ, तुझे बरोबर होते.

बायकोने त्याला कानस घेऊन बसलेला पाहिले.

“अहो, बस चुकेल.”

“उद्या जातो.”

“हे काय चाललंय?”

“त्याच्यासाठी चाकू करतोय.”

“तो तिथं नळ्या लावून पडलाय आणि तुम्ही त्याला चाकू देणार? काय करील, सफरचंद सोलील?” मग आवाज खाली आणून म्हणाली, “तो तुमची वाट बघतोय हो. चाकूची नाही.”

“तुला नाही कळायचं.”

“एकतीस वर्षं हेच ऐकतेय. तुम्हाला तरी कळू दे एकदा.”

सोमवार पाते कापण्यात गेला. मंगळवारी तो यंत्रांच्या एका कारखान्यात गेला, तिथल्या माणसाच्या विजेच्या भट्टीत पाते ठेवले आणि लाकडी स्टुलावर बसून राहिला. बंद दारामागे रंग दिसत नव्हता. फक्त आकडा चढत होता. बुधवारी त्याने धार लावली. दगडावर हात दुखून आले तेव्हा कुठे लागली. मग त्याने दार लोटून घेतले, बाकावर जाड दोर ताणला आणि कापू लागला. वीस झाले. पन्नास झाले. मग मोजायचे सोडले. दोर संपला, दुसरा आणला. शेवटी कागद धरला तर पाते त्यातून वाऱ्यासारखे गेले.

तो तिथेच बाकावर कपाळ टेकून बसला. धाकटा बरोबर होता. पहिल्या दिवसापासून, शब्दन् शब्द बरोबर.

तेव्हा तरी उठावे! मूठ नसलेले पाते फडक्यात गुंडाळून पळावे! पण नाही. त्याच रात्री त्याने मूठ बसवली. आयुष्यात न केलेले काम, धाकट्याचे काम. गुरुवारी सकाळी चाकू तयार होता, बसची वेळ होती, आणि मिटताना पाते केसभर एका बाजूला झुकते आहे असे त्याला दिसले. मूठ हा धाकट्याचा प्रांत; त्याच्या नजरेला हे पहिल्यांदा दिसेल. असे कसे न्यायचे? त्याने खिळा ठोकून काढला, मुठीची पट्टी पुन्हा घासली, पुन्हा जोडली. पुन्हा झुकले. पुन्हा काढला.

दुपारी बायको दारात येऊन उभी राहिली. हातात फोन होता. त्याने कानस खाली ठेवली.

दहा-बारा दिवसांनी, माणसांची ये-जा थांबल्यावर, तो भावजयीच्या घरी गेला. ती पलंगावर बसून धाकट्याच्या शर्टांच्या घड्या घालत होती. त्याने सगळे सांगितले. कागद, रंग, दोर, चमचा. काही राखले नाही. एकतीस वर्षे जे दातांआड होते ते एकदम सुटले, आणि तिच्या हातातला शर्ट तसाच राहिला.

“म्हणजे त्याचं बरोबर होतं,” ती हळूच म्हणाली.

“होय.”

“भाऊजी, हा माणूस साध्या चपला घ्यायच्या तरी म्हणायचा, तूच बघ, माझी पारख कच्ची आहे. पोरीला कुठल्या शाळेत घालायचं, तूच ठरव. कुठलं घर भाड्यानं घ्यायचं, तूच ठरव. मी चिडायचे. चारचौघांत बोललेय मी त्याला, की पुरुषासारखा पुरुष, तुला एक गोष्ट धड ठरवता येऊ नये?” तिने शर्ट मांडीवर ठेवला. “आता हे मी कुणाकडे घेऊन जाऊ?”

थोरला खाली बघत म्हणाला, “मला माफ—”

“मी कशी करू? ते माझं आहे का?” ती रागावलेली नव्हती, हेच वाईट होते. “ज्याचं होतं तो गेला. त्याच्या वतीनं मी माफ केलं म्हणाले, तर ते खोटं होईल. तुम्ही हे मला सांगायला नको होतं. त्याला सांगायचं होतं.”

मग न राहवून त्याने विचारले, “वाट बघितली का त्यानं?”

“चार दिवस. दाराशी कुणाची चाहूल लागली की मान वळवायचा. मी म्हटलं, येत कसे नाहीत हे? तर मलाच समजावत होता. म्हणाला, दादा काहीतरी करत असेल. काम अर्धं टाकून उठणारा नाही तो.”

थोरला उठला. तो जिना उतरला. खाली रस्त्यावर भाजीच्या गाड्या होत्या, शाळा सुटली होती, कुणीतरी कुणाला हाक मारत होते. त्या एवढ्या माणसांत असे एकही उरले नव्हते ज्याला जाऊन सांगितले की ओझे उतरेल. तो तिथेच उभा राहिला. कुठल्या बाजूने घर, हे त्याला काही केल्या आठवेना.

पाणीवाल्याचे काय करायचे ते देव बघेल. त्याच्यासाठी मी तुमच्याकडे काही मागत नाही. माझे मागणे धाकट्यासाठी आहे. आपली नजर खोटी, असे समजत जो जन्मभर जगला आणि तसेच समजत गेला, त्याला विसरू नका. आज देवापुढे हात जोडाल तेव्हा आपले मागणे मागून झाल्यावर क्षणभर थांबा आणि त्याच्यासाठी एवढे म्हणा : देवा, त्याचे बरोबर होते. त्याला कुणी सांगितले नाही. तू सांग.