आजोबांच्या कोटाची सात बटणं

गणिताच्या बाईंनी मुलांना घरून बटणं आणायला सांगितली, तीही ‘मिळतील तेवढी’. घोटाळा तिथेच झाला.

मोठ्या बाईंनी परवानगी दिली होती ती एका तासापुरती. “फळा आहे, खडू आहे, वाटावाटी कशाला हवी? बरं, करून बघा. पण गडबड झाली, तर पुन्हा फळाच.”

फळ्याला गणिताच्या बाई विटल्या होत्या. मुलं बेरीज करत, भागत, उत्तर बरोबर आणत; आणि सरासरी म्हणजे काय विचारलं, की एकमेकांच्या तोंडाकडे बघत.

पहिल्या बाकावर चौघांचा गट होता. चिमणीने सात बटणं आणली होती, काळी, जाड, एकसारखी. तिच्या शेजारणीने चार पांढरी, चष्मेवाल्याने एक लाल. चौथ्याने काहीच आणलं नव्हतं. वर्गाने जागच्या जागी त्याचं नाव भोपळा ठेवलं.

“सगळी एकत्र करा आणि सारखी वाटा,” बाई म्हणाल्या.

बटणं बारा, वाटेकरी चार. प्रत्येकाला तीन-तीन आली.

“ही तुमच्या गटाची सरासरी.”

भोपळ्याच्या वाट्याला तिन्ही काळी आली. त्याने मूठ मिटून घेतली.

इतक्यात चिमणीचे आजोबा दारात उभे राहिले. एका हाताने कोट छातीशी धरलेला, बाह्या लोंबत असलेल्या. मागे मोठ्या बाई.

“बाई, आमच्या नातीने माझा कोट सोलला,” आजोबा म्हणाले. “पुढची पाच आणि बाह्यांची दोन.”

“मिळतील तेवढी आणायची होती,” चिमणी म्हणाली. “तेवढीच मिळाली.”

“माझी सात दे बघू.”

“तीन येतात, आजोबा. सरासरी आहे.”

“सरासरीने कोट लागत नाही गं, बाळा.”

मोठ्या बाईंची नजर फळ्याकडे वळली. गणिताच्या बाईंनी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं.

“तू किती आणलीस रे?” मोठ्या बाईंनी भोपळ्याला विचारलं.

“एकही नाही.”

“मग वाटताना तुला कशाला धरलं?”

“मी गटात आहे ना.”

“आणि धरलं नसतं तर?”

भोपळ्याने मूठ उघडली. तिघांपुढे एकेक बटण ठेवलं आणि हात झटकले. “मग ह्यांना चार-चार.”

मोठ्या बाईंनी तिघांपुढची बटणं मोजली. सरासरी काढताना शून्य गाळू नका, हे त्या स्वतः वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आल्या होत्या आणि मुलं ते वर्षानुवर्षं गाळत आली होती.

काळी सात बटणं वेगळी काढायला वेळ लागला नाही. गणिताच्या बाईंनी पर्समधून सुईदोरा काढून दिला. आजोबा पहिल्याच बाकावर टेकले आणि कोट मांडीवर घेऊन टाके घालू लागले.

भोपळ्याने हात वर केला. “बाई, आता आजोबापण गटात बसलेत. त्यांनाही धरायचं?”

“बाराला पाचांनी नीट भाग जात नाही,” चिमणी म्हणाली.

आजोबांनी कोट जवळ ओढला.

मोठ्या बाई जायला निघाल्या होत्या, त्या दारात थांबल्या. “उद्या हेच घ्या, बाई. माझ्या खोलीतून खडू न्या.”

“लिहायला?” गणिताच्या बाईंनी जपून विचारलं.

“वाटायला. खडू तोडता येतो.”