जाकिटाचं अस्तर

शेवगावच्या बाजारपेठेत राजेश्वरीचं शिलाईचं दुकान आहे. फेब्रुवारीत पुण्याच्या एका संस्थेचा इंजिनिअर, पार्थ, तिच्याकडे तीस जाकिटांचं काम घेऊन आला. पाण्यात भिजवून अंगात घालायची, की दोन तास उन्हात अंग गार राहतं, असं त्याचं म्हणणं. कांदा काढणाऱ्या बायकांसाठी होती ती.

नमुना हातात घेतल्याबरोबर राजेश्वरीला दोन गोष्टी खटकल्या. आतलं कापड ओलं होऊ नये म्हणून प्लॅस्टिकचं अस्तर लावलं होतं. आणि माप सरळसरळ पुरुषाचं होतं.

"साहेब, शेतात बायका साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालतात. त्याच्या आत हे कोंडेल. अन् दिवसभर उकिडवं बसून कांदा कापायचा, तर हे पोटात रुतेल."

"डिझाइन फायनल झालंय, ताई. तुम्ही फक्त शिवा."

तिने शिवलं. पुढे तिला स्वतःचा राग आला तो याचाच.

एप्रिलअखेर पहिली दहा जाकिटं वाटली. तिसऱ्या दिवशी दुपारी लंकाबाई वाफ्यातच कोसळली. राजेश्वरीच्याच गल्लीतली, साठीला टेकलेली बाई. दवाखान्यात सलाईन लावलं तेव्हा राजेश्वरी उशाशी बसली होती.

"सकाळी भिजिवलं, धा वाजता वाळलं," लंकाबाई पुटपुटली. "हीर लांब, पानी कुठनं आनायचं? मग वरच्या शर्टात नुसता कागुद गुंडाळल्यावानी झालं. काढू म्हनलं, तर मुकादम म्हनला, फोटोवाले यायचेत, ऱ्हाऊ दे."

राजेश्वरीने बाहेर येऊन पार्थला फोन लावला. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "वरून शर्ट घालू नका, असं सूचनांच्या कागदावर लिहिलंय. त्यांनी वाचायला हवं होतं."

"लंकामावशीला वाचता येत नाही. तुम्हाला तर ऐकता येतं ना? फेब्रुवारीत मी काय सांगितलं होतं?"

पलीकडून फोन बंद झाला.

ती तडक दुकानात आली. उरलेली वीस जाकिटं टेबलावर ओढली आणि एकेकाचं अस्तर टराटरा उसवून काढलं.

दोन दिवसांनी पार्थ आला. "हे संस्थेचं सामान आहे. तुमच्यावर कारवाई होईल."

"करा. आधी माझ्याबरोबर चला."

ती त्याला लंकाबाईच्या घरी घेऊन गेली. लंकाबाई बाजेवर पडून होती. तिने त्याच्याकडे मान वळवली.

"आमाला इचारलं का रं कुनी, कसं बसता, काय घालता?"

"पुढच्या वेळी नक्की विचारू, आजी."

"फुडच्या येळंला कशाला? आत्ता इचार की."

'चुकलं' एवढंच म्हणून तो खाली मान घालून उभा राहिला. राजेश्वरीचा राग तेवढ्याने तसूभरही उतरला नाही.

त्याच आठवड्यात तिने लंकाबाईच्या नवऱ्याचा जुना शर्ट मागून आणला. पाठ कापून जाळीचं कापड बसवलं, मानेवर मलमलची दुहेरी पट्टी लावली. ती भिजायला पेलाभर पाणी पुरे. शेजारच्या भीमाबाईने तो दिवसभर घालून पाहिला आणि आणखी दोन शिवायला सांगितले. ही बातमी कानावर गेल्यावर पार्थचा फोन आला, या शर्टाची मापं पाठवाल का म्हणून.

"मापं कागदावर मिळायची नाहीत," ती म्हणाली. "टेप घेऊन वावरात या. बायका बसल्यात, तिथंच घ्यायची."