तारेपलीकडची रायफल

"कुंपण आलं की आधी काडतूस काढ. बोल्ट उघडा ठेव. रायफल तारेखालून पलीकडे सरकव, मग पाय उचल."

बाबांचं हे सांगणं आमच्या खोऱ्यात सगळ्यांना पाठ होतं. त्यामुळेच दोन वर्षांपूर्वी कुंपण ओलांडताना बाबांच्या रायफलीतून गोळी सुटली आणि पिरिपीकाकांचा गुडघा गेला, हे माझ्या गळी उतरेना. त्या दिवशी तिघे हरणामागे गेले होते. पिरिपीकाका पुढे, मागे बाबा आणि आत्याचा एरुएरा. बाबांची आणि एरुएराची रायफल एकाच मापाची, गोळीवरून काही कळेना. एरुएरा म्हणाला, मामांचीच उडाली. बाबांचे हात तेव्हा थरथरायचे, म्हणून सगळ्यांना ते पटलं. त्यांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही.

डोळे मिटण्याआधी मात्र माझा हात धरून म्हणाले, "रिपेका, मी रिकामी केली होती गं. खात्री झाली तर पिरिपीला सांग."

मी शब्द दिला. पण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कुणावर आळ घ्यायचा नाही, हा माझा नेम. उजाडायच्या आधी प्रार्थना, मगच चहा, तसाच तोही. म्हणून मी गप्प राहून बघत होते. एरुएरा दर रविवारी पिरिपीकाकांच्या दारात सरपण टाकायचा आणि आत न जाताच परतायचा. काका हाक मारायचे, तर याला घाई. एवढी सेवा, आणि तोंड का चुकवायचं?

शनिवारी मराएवर, आमच्या जमातीच्या सभास्थानी, पाहुणे जेवायला यायचे होते, हरणाचं मटण हवं होतं. शुक्रवारी सकाळी एरुएरा निघाला, तशी मीही निघाले.

"ताई, तू कशाला? हरणं तुझी प्रार्थना ऐकून पळतील," तो हसत म्हणाला.

"मटण वाहायला कुणीतरी लागेलच," मी म्हटलं.

नेचे तुडवत वर गेलो. तेच कुंपण आलं. मी आधी पलीकडे गेले. एरुएराने तारेवरून रायफल पुढे केली. बोल्ट मिटलेला, म्हणजे आत काडतूस असू शकत होतं.

"धर. मी येतो."

मी नळी जमिनीकडे वळवली आणि बोल्ट मागे ओढला. पितळी काडतूस उडून गवतात पडलं.

तो अजून तारेवर एक पाय टाकून उभा होता.

"अगं, सेफ्टी लावलीय ना," तो वैतागून म्हणाला. "त्या दिवशीपण लावलेलीच होती."

मग तो थांबला. काय बोललो ते त्याच्याच कानावर पडलं असावं.

"कुणाची, एरुएरा?"

तारेवरचा पाय त्याने मागे घेतला.

"माझी," तो म्हणाला. "सेफ्टी वाटेत कधीतरी सरकली असेल, तार चापाला अडकली. मामा काहीच बोलले नाहीत, आणि मग... मलाही बोलवेना."

मी त्याला रागावले नाही. रागावण्याइतकं त्राण माझ्यात उरलं नव्हतं. उघडी रायफल तारेखालून त्याच्याकडे सरकवली, काडतूस उचलून खिशात टाकलं. कुंपण ओलांडून त्याच्या शेजारून गेले. तो म्हणाला, ताई, मी येऊ का? मी म्हटलं, तुझं तू ठरव.

आणि पिरिपीकाकांच्या घराची वाट धरली.