व्हर्लिनची कुंपणपारख

मटार काढायला आर्डिसने तळघरातल्या फ्रीझरचं झाकण उघडलं, तर मटारावर कुंपणाच्या पांढऱ्या प्लास्टिक पट्टीचे तीन हातभर लांब तुकडे आडवे पडले होते. प्रत्येकाला चिठ्ठी चिकटवलेली: अ, ब, क. तिने 'ब' उचलून बाजूला ठेवला, तेवढ्यात वरून नवऱ्याचा आवाज आला.

"हात लावला नाहीस ना? चोवीस तास पुरे व्हायचेत."

"मटार काढतेय, व्हर्लिन."

"आज गाजरं कर की."

आर्डिसने गाजरं केली. हा ऑगस्ट होता आणि कुंपण जूनपासून हवं होतं.

जूनमध्ये एका पहाटे तिची आई एल्वेरा झोपायच्या झग्यात मोठ्या रस्त्याच्या मधोमध उभी सापडली होती. वय एकोणनव्वद. जन्मभर गायींचं दूध काढलेली बाई. गायी विकून वीस वर्षं झाली तरी त्यांना हाका मारत निघायची. एक दुधाचा टँकर तिच्यापासून चार पावलांवर कसाबसा थांबला. त्याच दिवशी आर्डिसच्या भावाचा, लोवेलचा, फोन आला. नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सणाला मी येईन तेव्हा अंगणाला कुंपण असेल तर आई तुझ्याकडे राहील, नसेल तर मी तिला जाताना विलमारच्या वृद्धाश्रमात घेऊन जाईन, असं त्याने सांगून टाकलं. लोवेलचं काही चुकत नव्हतं, हीच तर पंचाईत होती.

आता कुंपण म्हणजे काय, दुकानात जायचं आणि घेऊन यायचं. पण व्हर्लिनने एकतीस वर्षं खिडक्यांच्या कारखान्यात माल तपासून पास-नापास करण्यात काढली होती. त्याच्या नजरेतून सुटलेली वाकडी खिडकी अख्ख्या मिनेसोटात सापडायची नाही. निवृत्त झाल्यावर ही नजर घरातल्या टोस्टरवर आणि आर्डिसच्या पावांच्या उंचीवर फिरली होती. आता तिला कुंपण मिळालं.

फ्रीझरमधून काढलेल्या तुकड्यांवर त्याने गॅरेजमध्ये हातोडा घातला. 'अ' काचेसारखा फुटला. 'ब'ला तडा गेला. 'क'ला काही झालं नाही, तर त्याचाच संशय आला, म्हणून तो करवतीने कापून त्याने टॉर्चच्या उजेडात कड पाहिली. वर पांढरी साय आणि आत करडा लगदा.

"जुनं प्लास्टिक दळून भरलंय," तो म्हणाला. चेहऱ्यावर लबाडी पकडल्याचं समाधान होतं. "वरवर बघणारा फसलाच असता."

"मग यातलं कुठलंच घ्यायचं नाही?"

"यातलं नाही. पण आता काय बघायचं ते कळलं ना."

सप्टेंबरात रॉली आला. तालुक्यातली निम्मी कुंपणं त्याच्या हातची, आणि प्रत्येकाच्या फाटकावर त्याच्या नावाची पत्र्याची पट्टी. आर्डिसने कॉफी आणि लिंबाच्या वड्या पुढे केल्या. रॉलीने आपले नमुने टेबलावर मांडले. आडव्या पट्ट्या खांबाच्या आरपार जाऊन आत अडकतात, स्क्रूवर लटकत नाहीत, हे दाखवलं. खालच्या पट्टीतली ॲल्युमिनियमची सळईही काढून दाखवली. ती नसली की पाच वर्षांत पट्टीला झोळ येतो, असं तो म्हणाला. व्हर्लिनने जाडी मोजली, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं, वास घेतला.

"माल चांगला दिसतोय," तो म्हणाला. "गॅरेजच्या छपरावर ठेवून बघतो. उन्हात पिवळा पडतो का ते कळेल."

"किती दिवस?" आर्डिसने विचारलं.

"महिनाभर तरी."

रॉलीने आर्डिसकडे पाहिलं, मग कॉफीकडे. "तसं बघितलं तर जमीन आत्ता मऊ आहे, ताई. पण तुमची सवड बघा. मी काय, आहेच इथे."

आमच्या भागात याचा अर्थ 'आत्ता नाही घेतलंत तर मेलात' असा होतो. आर्डिसला तो स्वच्छ कळला. पण पाहुण्यासमोर नवऱ्याला तोडून बोलायचं नाही आणि कुणावर घाई लादायची नाही, हे आम्ही आईच्या दुधाबरोबर पितो. ती म्हणाली, "अजून एक वडी घ्या ना." नंतर तिचा जो जळफळाट झाला तो व्हर्लिनवर अर्धा आणि स्वतःवर अर्धा होता. भांडी घासताना तिने एका कपाचा कान तोडला.

ऑक्टोबरात नमुना छपरावरून खाली आला, पांढराशुभ्र. आर्डिसला वाटलं, सुटलो. व्हर्लिनने तो अंगणात दोन विटांवर ठेवला तेव्हा एल्वेरा स्वेटर घालून खुर्चीत बसली होती. ती उठली, जवळ आली आणि पट्टीवर बोटाने टकटक केली.

"पोकळ आहे," ती म्हणाली. "नवी व्यालेली गाय एका ढुशीत पाडेल."

"आई, गायींसाठी नाहीये ते," आर्डिस म्हणाली.

"मग कुणासाठी?"

आर्डिसने तिच्या स्वेटरचं वरचं बटण लावलं. पण व्हर्लिन भारावून गेला होता. "ऐकलंस? साठ वर्षं कुंपणं बघितलेली बाई आहे. याच्याहून जाड पट्टी मिळते, मी वाचलंय. तीच मागवू."

"व्हर्लिन, तिला आज वार कोणता ते माहीत नाही."

"कुंपण माहीत आहे."

आर्डिस आत गेली आणि उशीत तोंड खुपसून ओरडली. मग बाहेर येऊन "बघ, तुला पटेल तसं" म्हणाली. ते म्हणताना आपली जीभ गळून का पडत नाही, याचं तिला आश्चर्य वाटलं.

जाड पट्टीचं कुंपण थँक्सगिव्हिंगच्या पाच दिवस आधी ट्रकमधून उतरलं. माल खरोखर उत्तम होता; खोटं कशाला बोला? आणि त्याआधी आठवडाभर उणे वीसची थंडी पडली होती, बर्फाचा कणही नसताना. बर्फाची गोधडी असती तर जमीन उबेत राहिली असती. रॉलीने खड्डे पाडायच्या यंत्राचं पातं जमिनीला लावलं, ते किंचाळलं आणि टीचभर खळगा पाडून थांबलं. रॉलीने टोपी मागे सरकवली.

"खड्डे पडतील तसे," तो म्हणाला. "सगळा दिवस जाईल, पण पडतील. मात्र गोठलेल्या मातीत काँक्रीट ओतलं तर वसंतात माती फुगून खांब वर उचलते. एक इकडे, एक तिकडे. आम्ही असं काम करत नाही. मे महिन्यात येतो म्हणतो."

"बरोबर आहे," व्हर्लिन म्हणाला. "काम व्हायचं तर नीट झालं पाहिजे. मे महिन्यात—"

"खणा," आर्डिस म्हणाली.

दोघंही तिच्याकडे बघायला लागले.

"ताई, वाकडं होईल."

"होऊ दे वाकडं. पाच महिने मी हो हो म्हणतेय. फ्रीझरमध्ये मटाराला जागा नाही, हो. छपरावर प्लास्टिक वाळत घातलंय, हो. व्हर्लिन, गुरुवारी लोवेल येईल आणि माझ्या आईला गाडीत घालून घेऊन जाईल. विलमारला पहाटे ती गायींना हाका मारायला लागली की तिला गोळी देतील. मी बघून आलेय. तुझं कुंपण मला सरळ नकोय. मला ते उभं हवंय."

तिचा आवाज चढला नव्हता. तरी शेजारच्या मायलोने आपल्या अंगणात पानं गोळा करायचं थांबवलं. असलं बोलणं आमच्याकडे पंधरा-वीस वर्षांत एकदा ऐकू येतं.

रॉलीने आपल्या बुटांकडे पाहिलं. "असं लावलं तर हमी राहत नाही. तसं लिहून द्यावं लागेल. आणि पट्टी मी लावणार नाही माझ्या नावाची. वाईट वाटून घेऊ नका."

व्हर्लिन पांढऱ्या पट्ट्यांच्या ढिगाशी गेला. मग त्याने एका पट्टीवरून हात फिरवला. "बघून आलीस?" त्याने आर्डिसला विचारलं. "कधी?"

"ऑगस्टात."

"मला बोलली नाहीस."

"तू हातोडा मारत होतास."

व्हर्लिनने रॉलीकडे हात पुढे केला. "आण कागद." न वाचता सही केली आणि यंत्राचं दुसरं हँडल धरलं.

गुरुवारी लोवेल आला, अंगणाला फेरी मारली, फाटकाची कडी दोनदा ओढून पाहिली आणि टर्की खाऊन एकटाच परत गेला.

एप्रिलमध्ये जमीन सुटली आणि रॉलीने सांगितलं होतं अगदी तसं झालं. पाचवा खांब रस्त्याकडे झुकला, सहावा घराकडे, आणि कोपऱ्यातला सगळ्यांच्या वर टाचा उंचावून उभा राहिला. व्हर्लिन रोज सकाळी लेव्हल लावून बघतो, मान हलवतो आणि न्याहारीच्या टेबलावर आकडे सांगतो. आर्डिसच्या डोक्याला अजूनही तितकाच ताप आहे.

परवा व्हर्लिन लेव्हल लावत असताना मायलो कुंपणाशी थांबला. ते वाकडेपण त्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहून घेतलं.

"वेगळंच आहे," तो म्हणाला. याहून वाईट शिवी आमच्याकडे नाही. "रॉलीने लावलं?"

आर्डिस मागच्या पायरीवर कॉफी घेऊन बसली होती. आता हा जमीन, थंडी, काँक्रीट सगळं सांगत बसणार, असं तिला वाटलं.

"मी लावलं," व्हर्लिन म्हणाला. "सासूबाई आत आहेत ना? मग झालं."