गळक्या ब्युरेटचं गाऱ्हाणं

मी ब्युरेट. काचेची लांब नळी, अंगभर बारीक आकडे गोंदलेले आणि खाली काचेचाच एक कॉक. कॉक फिरवला की माझ्यातलं आम्ल थेंब थेंब खाली पडतं. किती पडलं ते माझ्या अंगावरचे आकडे सांगतात. कॉलेजात पहिल्या वर्षाला रसायनशास्त्र घेतलं की माझ्याशी गाठ पडतेच. मला बोल म्हणून कुणी सांगितलेलं नाही. पण आता सिंकखालच्या खोक्यात पडलेय, आणि बोलल्याशिवाय राहवत नाही.

भट्टीपाशी बसलेल्या कारागिराने मला घडवलं. आकडे कोरून झाल्यावर त्याने माझा कॉक माझ्याच भोकात बसवला, मध्ये बारीक पूड घातली आणि घासघासून जुळवला. पाणी भरून उलटसुलट धरून बघितलं. थेंब निसटायला वाट नव्हती. आमच्या जातीत प्रत्येकीचा कॉक असा तिच्या एकटीसाठी घासलेला असतो. दिसायला सगळे सारखे, पण एकीचा दुसरीला बसेलच असं नाही. हे नीट ध्यानात ठेवा, सगळा घोळ इथेच आहे.

मग मी या प्रयोगशाळेत आले. काम साधं. खाली चंबूत सोडा, त्यात गुलाबी रंगाचा थेंब. माझ्यातलं आम्ल हळूहळू सोडायचं, रंग उडाला की थांबायचं आणि आकडा वाचायचा. असं तीन वेळा. तिन्ही आकडे जुळले की हात बसला म्हणायचं.

आता खरं काय होतं ते सांगते. बाटल्यांत दरवर्षी तेच द्रावण भरतात, म्हणून आकडाही दरवर्षी तोच येतो. दहा पॉइंट दोन. वरच्या वर्गातली पोरं तो खालच्यांना सांगून ठेवतात, जशी थोरल्याची पॅन्ट धाकट्याला मिळते तशी. पोरं मला भरतात, गप्पा मारत कॉक फिरवतात, रंग उडाला काय न उडाला काय, लिहितात दहा पॉइंट दोन. तीनदा. त्यांच्यात एकाला सगळे झटपट म्हणायचे. तो तर मला भरायच्या आधीच आकडे लिहून मोकळा व्हायचा. माझ्याकडे बघायचंच नाही तर अंगावर हे गोंदण कशाला वागवलं मी?

मॅडमना हे माहीत नव्हतं असं नाही. तपासायला गठ्ठा मोठा, घरी जायची घाई. आकडे जुळले की सही.

मग एका सुट्टीत साफसफाई निघाली. लॅबवाले काका माणूस वाईट नाही, पण "चालतंय की" हे त्यांच्या तोंडात कायम. त्यांनी आम्हा सगळ्यांचे कॉक उपसले आणि एका टबात साबणाच्या पाण्यात टाकले. सगळ्यांचे एकत्र. धुऊन झाल्यावर हाताला येईल तो कॉक, पुढ्यात येईल ती ब्युरेट. मला दुसऱ्याच कुणाचा तरी बसवला. दुसऱ्याची चप्पल घालून बाजारात फिरा, मग कळेल मला कसं झालं. तो फिरताना करकरला, तर काकांनी वर व्हॅसलिन चोपडलं आणि म्हणाले, "आता बघ, कसा लोण्यासारखा फिरतो."

तेव्हापासून मी गळते. टोकातून गळले असते तर थेंब चंबूत तरी पडला असता आणि हिशोबात आला असता. मी कॉकच्या मागल्या बाजूने पाझरते. ओघळ स्टँडच्या लोखंडी पायावर जातो. तिथला रंग खाऊन गंज चढला, फोड आले. इतक्या पोरांनी त्या पायावर पेन ठेवलं, मोबाइल टेकवला, कोपरं टेकली. एकाने विचारलं नाही की इथे ओल कसली.

विचारलं तिने. पण फार उशिरा.

ती दुसऱ्यांदा पहिल्या वर्षाला बसलेली होती. लेखी पास, प्रात्यक्षिकात नापास. वर्गाने नाव ठेवलं होतं गोगलगाय. खाली बसून डोळा माझ्या रेषेला आणायची, थेंब पडला की चंबू फिरवायची, पुन्हा थेंब, पुन्हा फिरवणं. असा हात मला कारागिरानंतर पहिल्यांदा लागला. आणि तिचंच मी वाटोळं करत होते, कारण जितका वेळ ती लावायची तितकी मी जास्त पाझरायची. तिचे आकडे यायचे दहा पॉइंट सहा, दहा पॉइंट नऊ, मग अकराच्याही पुढे. काळजी घेऊन पुन्हा करावं तर आणखी चूक. घाईघाईने उरकणाऱ्यांचं सगळं सुरळीत.

"तुझा हातच चुकतोय," मॅडम म्हणायच्या. "एवढं साधं जमत नसेल तर कसं व्हायचं?"

ती मान खाली घालायची. तास संपला की माझ्याच टेबलाशी उभी राहून फोन करायची. "आत्या, आज पण नाही जुळलं." पलीकडून आवाज खणखणीत यायचा. "जुळत नाही तर नाही. मी काय तुला रागावतेय? पण यंदा राहिलीस तर बाई, दुकानात मशीनवर बस. शिवणात तरी हात चुकतोय का बघू."

मला ओरडावंसं वाटायचं. अगं, तुझा हात सोन्यासारखा आहे, माझ्या बुडाखाली बघ. पण काचेचं ऐकतंय कोण?

परीक्षेच्या दिवशी तिच्या वाट्याला पुन्हा मीच आले. तिने मला शून्यावर भरलं, नरसाळं काढलं, आणि तेवढ्यात बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिला तोंडी प्रश्नांना बोलावलं. ती गेली. मी तशीच भरलेली. परत येऊन बघते तर पातळी खाली.

"माझ्या ब्युरेटला हात लावला कुणी?"

"तुझ्या गाडीला कोण हात लावणार?" झटपट म्हणाला. "आधीच पंक्चर."

तिने मला पुन्हा शून्यावर भरलं. आणि हात मागे बांधून नुसती बघत बसली. सगळ्यांचे कॉक फिरतायत, ही काहीच करत नाही.

"अगं, नजर लावून खाली येणार आहे का ते?" झटपट कुजबुजला. "दहा दोन लिही आणि सुट."

पातळी उतरली. तिने कॉकच्या मागे बोट फिरवलं, बोट ओलं. मग स्टँडचा पाय बघितला, गंज बघितला. तिचा चेहरा बदलला. एवढे दिवस ज्याला स्वतःचा मठ्ठपणा समजत होती तो तिच्या बोटावर चमकत होता.

"मॅडम, ही गळतेय."

"परीक्षा संपत आली आणि आता गळती सुचली तुला? वर्षभर काय करत होतीस?"

"वर्षभर हिच्यावरच करत होते, मॅडम."

परीक्षक उठून आले. "काय झालं?"

"सर, काही करायचं नाही. फक्त बघा."

ते वाकले. तिने शून्यावर भरलं. सगळे बघतायत आणि मी गळतेय. इतक्या माणसांनी माझ्याकडे एकदम कधीच बघितलं नव्हतं. पातळी रेषेखाली गेली, आणखी एक रेष खाली गेली.

परीक्षक सरळ झाले. "सकाळच्या बॅचलाही हीच होती ना? त्या मुलाचे आकडे काय आहेत?"

मॅडमनी गठ्ठा चाळला. "दहा पॉइंट दोन. तिन्ही वेळा."

"गळकीवर? तिन्ही वेळा सारखेच?"

झटपटने खाली बघून बुटाची नाडी बांधली, जी बांधलेलीच होती. मला वाटलं, आता उघडेल सगळं. परीक्षकांनी तो कागद क्षणभर हातात धरला. मग गठ्ठ्यात खालीच सरकवला. "हिला दुसरी द्या," म्हणाले आणि जागेवर जाऊन बसले.

दुसरी कुठली द्यायची? नव्याकोऱ्या ब्युरेट होत्या, पण कपाटात कुलूपबंद, पाहणीला कुणी साहेब आले की दाखवायला. काका किल्ली शोधत फिरले. किल्ली मिळेपर्यंत अर्धा वेळ गेला. नवीवर तिने दोनदा केलं. दहा पॉइंट दोन, दहा पॉइंट दोन. जुळलं. तिसऱ्याला घंटा झाली.

"तिसरं तेच लिही की," झटपट म्हणाला. या वेळी चिडवत नव्हता.

"केलं नाही तर लिहू कशाला?" तिने जागा कोरी सोडली.

कोऱ्या जागेचे गुण गेले. झटपटला तिच्यापेक्षा जास्त मिळाले. ती काठावर पास झाली. निकाल लागला त्या दिवशी ती सिंकशी वाकली आणि खोक्यातून मला वर उचललं.

"आत्या, झाले पास. नाही गं, पहिली कुठली, काठावर. पण ऐक ना. माझा हात चुकत नव्हता."

पलीकडून आत्या म्हणाली, "मला काय सांगतेस, त्या तुझ्या मॅडमना सांगितलंस का?"

"सांगितलं. हो म्हणाल्या आणि पुढच्या बॅचकडे गेल्या."

तिने मला पुसून परत ठेवलं.

माझ्या गळ्यात आता चिकटपट्टी आहे, 'गळकी' लिहिलेली. मला तडा नाही, एक आकडा पुसलेला नाही. माझा कॉक याच खोलीत कुणाच्या तरी अंगात आहे. एकेक लावून बघा, एका दुपारचं काम आहे. नाही जमत तर निदान पोरांना सांगा की आकडा लिहायच्या आधी बघायचा असतो.

माझ्या जागेवर आता शेजारणीला लावलंय, तिचाही कॉक दुसरीचाच. इथून खोक्यातून मला वरचं काही दिसत नाही, फक्त स्टँडचा पाय दिसतो. सकाळपासून तो ओला आहे, आणि वर कुणीतरी हसत हसत सांगतंय, "लिही रे, दहा पॉइंट दोन."