अक्काच्या पोटातली गोळी

"आला, पुन्हा चहा आला डोक्यावर! आता मी काय करू, पोहू?"

मालन भाकरी थापता थापता थांबली. आवाज शेजारी बसलेल्या थोरल्या जावेच्या, शेवंताअक्काच्या पोटातून येत होता. सकाळी घेतलेली लोहाची गोळी आत बसून कुरकुरत होती.

अक्का हल्ली आरपार दिसायची. दिवाळीत नखं गेली, संक्रांतीला ओठ, आणि आता तिच्या पाठीतून चुलीचा जाळ दिसे. घरच्या खाणावळीत जेवायला आलेली माणसं तिच्या पोटातून भिंतीवरचा फळा वाचायची आणि "आज पिठलं वाटतं," म्हणायची. त्याच अंगाने अक्का चाळीस ताटं वाढायची. जिना चढताना दर तिसऱ्या पायरीला थांबायची आणि "पायऱ्याच वाढल्यात मेल्या," म्हणून हसायची. एवढी खमकी बाई मालनने दुसरी पाहिली नव्हती.

"अक्का, गोळी चहाबरोबर घेता?"

"मग कशाबरोबर? देवाला तीर्थ, गोळीला चहा."

"ती शिव्या घालतेय तुम्हाला."

"घालू दे. नवी आहे, रुळेल."

मालनने ऐकलं नाही. चहा दोन तास पुढे ढकलला आणि गोळीबरोबर लिंबूपाणी दिलं. पोटातून एक समाधानाचा ढेकर आला, मग सगळं शांत. महिन्याभरात अक्काची बोटं परतली, मग मनगटं. शौचाला काळं होतं म्हणून तिचे यजमान घाबरले, तर गोळ्या देणारी आशाताई म्हणाली, "लोहाने काळं होतंच, दादा."

हुरूप आला तशी अक्काने एकदम दोन गोळ्या तळहातावर घेतल्या. "दुप्पट घेतल्या की लवकर भरेन."

"एका खोलीत दोघी नाही राहायच्या!" पोटातली कालची गोळी ओरडली. "आधी डॉक्टरांना विचार!"

मालनने दुसरी काढून घेतली आणि पाकीट पोरांचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवलं.

पण महिन्याचे ते दिवस आले की आलेलं सगळं परत जायचं. आधी बोटं, मग मनगटं. तिसऱ्या महिन्यात अक्का गळ्यापर्यंत गेली, तेव्हा सासूबाईंसकट सगळे तिला घेऊन दवाखान्यात आले. सुई कुठे टोचावी, हे डॉक्टरबाईंना कळेना.

"गोळी तर नीट घेताय. मग रक्त जातं कुठे?"

यजमान पंखा बघू लागले. मालनने पदर बोटाला गुंडाळला. अक्का म्हणाली, "कामाची दगदग, दुसरं काय?"

कुणी बोलेना, तशा भिंती वीत-वीत आत सरकल्या. टेबल यजमानांच्या गुडघ्यांना टेकलं. मागे उभ्या असलेल्या सासूबाई अक्काच्या पाठीला चिकटल्या. भिंत आणखी एक वीत पुढे आली.

अक्काच्या छातीतून सासूबाईंचे ओठ हलताना सगळ्यांना दिसले.

"तिच्या अंगावरून फार जातं, बाई. आठ-आठ दिवस. तीन वर्षं झाली, आणि मला ठाऊक होतं."